ठमाबाईची पिल्लं

आमच्या ठमाबाईला सरळ वागणं म्हणून कधी जमलं नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या फेरेट माद्या थाळी सरकवली की मुकाट तोंड पुढे करतात. ही बिळात दबा धरून बसायची आणि आपण पाठ फिरवली की थाळीसकट जेवण आत ओढून न्यायची. त्या थाळ्या काढायला बिळात हात घालायची मग कोणाची हिंमत होत नसे. तिचं सरकारी नाव म्हणजे एक लांबलचक आकडा होता. ठमाबाई हे नाव मी ठेवलं, आणि अमेरिकेत, साउथ डाकोटातल्या आमच्या प्रजनन केंद्रात ते ज्याच्या त्याच्या जिभेला झेपेल तसं रुळलं. आमची संचालक रूथ तिला 'टमा' म्हणायची. मी तिथली पशुवैद्य. नाव मंजिरी, गाव कराड, आणि स्वभाव, माझ्या नवऱ्याच्या मते, ठमाबाईसारखाच.

काळ्या पायांचं फेरेट बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, म्हणून थोडं सांगते. मुंगसाच्या चणीचा, लांबुडक्या अंगाचा, पिवळसर प्राणी. चारही पाय काळे आणि डोळ्यांवरून चोराने बांधावी तशी काळी पट्टी. तिकडच्या गवताळ माळावर प्रेअरी डॉग नावाचा प्राणी राहतो. नाव कुत्र्याचं, जात खारीची. तो जमिनीखाली बिळांची गावंच्या गावं वसवतो. फेरेट त्याच्याच बिळात राहतं आणि त्यालाच खातं. घरमालकाला खाऊन त्याच्या घरात राहणारा असा भाडेकरू दुसरा नसेल. दिवसा झोप, रात्री शिकार. नर आणि मादी हंगामापुरते एकत्र येतात, बाकी वर्षभर ज्याचं तो. पिल्लांचं सगळं आईच बघते.

आणि बघावं लागतं, कारण प्रेअरी डॉगही काही भोळे नाहीत. फेरेट बिळात शिरलेलं दिसलं की सगळे मिळून बिळाच्या तोंडात माती लोटतात, नाकाने ठोकून ती घट्ट बसवतात आणि त्याला आत जिवंत गाडतात. त्यातून खोदून बाहेर कसं यायचं, आपल्याएवढ्याच सावजाचा गळा नेमका कुठे धरायचा, घुबडाची सावली कशी ओळखायची, हे आई शिकवते. आम्ही केंद्रात उघड्या माळावर कुंपणं घालून खरीखुरी बिळं तयार केली होती ती याच शाळेसाठी.

हा प्राणी एकदा संपला असं जाहीरही झालं होतं. माणसांनी विष घालून प्रेअरी डॉग मारले, आणि उरलेल्यांवर प्लेग आला. हा प्लेग म्हणजे दीडेकशे वर्षांपूर्वी आपल्याकडची माणसं ज्याच्या भीतीने घरदार सोडून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेली, तोच. जहाजातल्या उंदरांबरोबर तो तिकडेही पोचला. माझ्या खापरपणजीचे दोन भाऊ त्यात गेले असं आई सांगायची, त्यामुळे कामावरच्या पहिल्या दिवशी तो शब्द ऐकून मला उगाचच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं होतं. पुढे वायोमिंगमधल्या एका घराच्या दारात पाळलेल्या कुत्र्याने एक फेरेट मारून आणून टाकलं, आणि थोडे उरले आहेत हे जगाला कळलं. त्यातल्या सात जणांपासून आजचे सगळे झाले. म्हणजे सगळेच एकमेकांचे जवळचे नातलग. एकाला जो आजार झेपणार नाही तो कोणालाच झेपणार नाही. त्या वेळी कोणा शहाण्याने आणखी काही फेरेटांच्या कातडीचे तुकडे गोठवून ठेवले होते. त्या पेशींचे क्लोन करून आमच्याकडे मे महिन्यात एका पाळीव फेरेटच्या पोटी चार पिल्लं जन्मली. वंशात नवं रक्त आणणारी ही चारच पिल्लं होती.

पाळीव फेरेटने त्यांना जन्म दिला, पण माळ तिने बापजन्मात पाहिला नव्हता. तिच्या हाताखाली ही पिल्लं मांजरासारखी वाढली असती आणि सोडल्यावर आठवड्याभरात मेली असती. त्यांना माळ माहीत असलेली आई हवी होती. आमच्याकडे अशी एकच होती, रानात मोठी झालेली आणि पायाला जखम झाली म्हणून पकडून आणलेली ठमाबाई.

आणि नेमकी तिची कूसही तेव्हाच रिकामी झाली होती. पावसाच्या एका जबर सरीने तिच्या बिळात पाणी शिरलं. चारातली तीन पिल्लं गारठून गेली. चौथं माझ्या हातात आलं तेव्हा त्याचा जीव जेमतेम धुगधुगत होता. मी ते उबपेटीत ठेवलं आणि बाटलीने दूध पाजायला घेतलं. बिळातलं गवत, पिसं, चिंध्या, सगळं रोगाच्या भीतीने नियमाप्रमाणे जाळून टाकलं.

परकी पिल्लं मादीच्या गळ्यात घालायची एक जुनी रीत आहे. तिच्या बिळातल्या वापरलेल्या अंथरुणाने ती पिल्लं चोळून काढायची. तिच्या पिल्लांचा वास त्यांच्या अंगाला लागला की बहुतेक माद्या फसतात. फसतात म्हणजे मान्य करतात. पण आम्ही अंथरूणच जाळून बसलो होतो. नवं गवत चोळून बघितलं. ठमाबाईने एकेका पिल्लाला मानगुटीला धरून बाहेर आणलं आणि बिळाच्या तोंडाशी, केरासारखं, नीट ओळीने ठेवलं. पुन्हा आत ठेवलं, पुन्हा बाहेर. शेवटी रूथने थेंब मागवले.

या थेंबांबद्दल सांगायला हवं. सस्तन मादीचं आणि पिल्लाचं नातं जुळतं ते मुख्यतः वासावर. बाळंत झाल्यावर थोडे दिवस तिच्या मेंदूतला एक भाग अगदी कच्चा असतो. त्या दिवसांत जो वास नाकात शिरेल तो 'माझं' म्हणून आत जाऊन बसतो. मग तिथल्या मज्जापेशींभोवती एक बारीक जाळी तयार होते, खरवस थिजावा तशी हळूहळू घट्ट होते, आणि दार बंद होतं. त्यानंतर आलेलं पिल्लू परकं. ही जाळी शास्त्रज्ञांना फार वर्षांपासून माहीत होती. ती तीन दिवसांपुरती विरघळवणारं औषध मात्र नवं. थेंब नाकात सोडायचे, तीन दिवस नव्या पिल्लाला अंगाशी ठेवायचं, दुसरा कुठलाही ओळखीचा वास जवळ येऊ द्यायचा नाही. चौथ्या दिवशी जाळी पुन्हा घट्ट होते, आत नवा वास घेऊन.

ठमाबाईला तीन दिवसही लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यात बघितलं तर चारही पिल्लं तिच्या पोटाशी, आणि बाई डोळे मिटून त्यांना चाटते आहे. रूथला रडू आलं. मला नाही आलं. मी ते चित्र बघत उभी राहिले, कारण तसेच थेंब आमच्या घरी फ्रिजमध्ये, दह्याच्या डब्यामागे ठेवलेले होते.

माद्यांवर चालतं ते माणसांवर का चालू नये, हे विचारायला माणसाला वेळ लागत नाही. बाळंतपणानंतर ज्यांना मुलाबद्दल काही वाटत नाही अशा आयांसाठी हे औषध आधी आलं आणि त्यांचं खरंच भलं झालं. मग दत्तक घेणाऱ्यांसाठी आलं. मग दत्तक देणाऱ्या संस्थांनी ओढ मोजायचं यंत्र आणलं. मूल मांडीवर घेऊन बसायचं, बसण्यापूर्वीची आणि नंतरची लाळ नळीत द्यायची. त्यातल्या एका रसायनाचा आकडा आई आणि बाप दोघांचाही रेषेच्या वर आला पाहिजे. वर्षभरात दोन चाचण्या. दुसऱ्यांदाही आकडा खाली आला तर मूल दुसऱ्या घरी जाणार. थेंब घ्यायची सक्ती नव्हती. पण औषध आहे म्हटल्यावर माया न वाटणं हे दुर्दैव राहिलं नाही, तो हलगर्जीपणा ठरला.

जानेवारीत माझा आकडा रेषेच्या बराच खाली आला होता.

आमचा मुलगा निहार चार वर्षांचा होऊन गेला. मेंदूज्वर झाला, सकाळी अंग तापलं होतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघंच घरी आलो. त्यावर मी अधिक लिहिणार नाही. दीडेक वर्षाने श्रीरंगने, म्हणजे नवऱ्याने, दत्तकाचा विषय काढला. तो तिथल्या पवनचक्क्यांवर इंजिनियर आहे. काही बंद पडलेलं दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायलाही जोर लागतो. लातूरच्या एका बालसदनातून चैताली आली. काळीसावळी, कोरड्या केसांची, जेवताना ताटाभोवती हाताचं कडं करून बसणारी. सदनात सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांना ती मावशी म्हणायची, तशी मलाही म्हणू लागली. मी तिचं सगळं केलं. न्हायला घातलं, दात तपासून आणले, शाळेत सोडलं, भाकरी शिकले. पण ती झोपेत माझ्याकडे सरकली की मी अंग चोरून घ्यायची. मला ती आवडत नव्हती असं नाही. ती निहार नव्हती, आणि यात तिचा काही दोष नव्हता, एवढंच.

श्रीरंगचंही सुरुवातीला तसंच होतं. मग मार्चमध्ये, आपल्यापैकी एकाने तरी घ्यावेत, असं म्हणून त्याने थेंब घेतले. मला विचारून घेतले, ते कबूल करते. तीन दिवस तो आणि चैताली गावातल्या एका भाड्याच्या खोलीत राहिले. परत आले तेव्हा तिच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या, वाकड्या, आणि तो तिच्याकडे बघत होता ती नजर मी ओळखत होते. पूर्वी ती दुसऱ्यासाठी होती.

एप्रिलमध्ये निहारचा वाढदिवस आला. दर वर्षी त्या दिवशी आम्ही दोघं काही न बोलता दूर माळापर्यंत चालत जायचो. मी बूट घालून दाराशी उभी राहिले. श्रीरंग चैतालीला सायकल शिकवत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला आठवलं. "अरे हो," असं म्हणाला, आणि लगेच निघाला, अगदी मनापासून, शेजाऱ्याच्या दुःखाला जावं तसा. परत येताना मी त्याला विचारलं की तुला निहार आठवतो का.

"मला सगळं आठवतं, मंजिरी," तो म्हणाला. "फक्त दुखत नाही."

मला त्याचा राग आला नाही. त्याचं बरं झालं होतं, आणि बऱ्या झालेल्या माणसावर रागवायचं कसं? पण त्या दिवसापासून निहारसाठी रडणारी मी जगात एकटीच उरले. माझ्या वाटणीचे थेंब फ्रिजमध्ये होते आणि दुसरी चाचणी जुलैत होती. थेंब घेण्याआधी एक काम करायचं होतं. घरात दुसऱ्या मुलाचा वास उरता कामा नये, असं सोबतच्या सूचनांत म्हटलं होतं. आमच्या घरात तसा वास एकाच गोष्टीला होता. आईने तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, निहार जिच्याशिवाय झोपायचा नाही. त्याच्या मागे मी ती धुतली नव्हती. हवाबंद पिशवीत घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती, आणि फार असह्य झालं की पिशवीचं तोंड बोटभर उघडून नाक लावायची आणि लगेच बंद करायची, वास संपू नये म्हणून. श्रीरंग म्हणाला की ती पिशवी तो केंद्रातल्या माझ्या कपाटात ठेवेल, फेकणार वगैरे नाही. मी बघू म्हटलं, आणि बघू म्हणता म्हणता जून आला.

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि चैताली माझ्याबरोबर केंद्रात येऊ लागली. उबपेटीतल्या पिल्लाचं तिला वेड लागलं. सगळ्यांत शेवटचं उरलेलं म्हणून मी त्याला शेंडेफळ म्हणत होते, तिने त्याचा शेंड्या केला. बाटली धरायचं काम तिचं. दूध पिताना तो पंजांनी तिचं बोट दाबायचा आणि ती श्वास रोखून बसायची, त्याला धक्का लागू नये म्हणून. त्याची आई कुठे आहे हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी सांगितलं की पलीकडच्या कुंपणात आहे, हा धडधाकट झाला की त्याला तिच्याकडे पाठवायचं. त्यानंतर ती रोज त्याचं वजन विचारायची.

अशक्त पिल्लू वाचवायचं, डोळे उघडायच्या सुमाराला आईकडे परत द्यायचं, ही आमच्या केंद्राची कित्येक वर्षांची पद्धत. आजवर एकाही मादीने आपलं पिल्लू नाकारलं नव्हतं. पद्धत जुनी होती आणि थेंब नवे होते, आणि या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. रूथला नाही, मला नाही, औषध बनवणाऱ्यांना तर नाहीच. शेंड्याचे डोळे किलकिले झाले, वजन भरलं, आणि मी एके दिवशी सकाळी त्याला ठमाबाईच्या बिळाच्या तोंडाशी ठेवलं. नशीब, की चैताली तेव्हा ऑफिसात चित्र काढत बसली होती.

ठमाबाई बाहेर आली. तिने त्याला हुंगलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत, शांतपणे. मग प्रेअरी डॉगचा धरते तसा तिने त्याचा गळा धरला. मी कुंपणाचं दार उघडून आत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिच्यात राग नव्हता, हे मला सांगायचं आहे. पिसाळलेली, घाबरलेली मादी मी बघितली आहे. ही तशी नव्हती. तिच्यापुढे कोणीतरी काहीतरी खायला ठेवलं होतं, एवढंच तिच्या लेखी झालं. तिने त्याला ओढत आत नेलं, आपल्या चार पिल्लांसाठी.

रूथ म्हणाली की दोष कोणाचा नाही. नवं आत येताना जुनं बाहेर जातं, हे आता आपल्याला कळलं. तसं लिहून सगळ्या केंद्रांना कळवू. मी मान हलवली. पुढे काही माद्यांवर चाचण्या होऊन ते सिद्धही झालं. मेंदूच्या त्या कोपऱ्यात जागा एकाचीच असते. माणसाचा मेंदू मोठा असल्याने आठवण दुसरीकडे शिल्लक राहते, पण ती नुसती माहिती असते. श्रीरंगने एप्रिलमध्ये मला हे एका वाक्यात सांगितलं होतं.

घरी येताना गाडीत चैतालीने विचारलंच. "मावशी, शेंड्या गेला का त्याच्या आईकडं?"

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. पण या मुलीला आयुष्यभर मोठ्यांनी खोटंच सांगितलं होतं. तिची आई येणार आहे, असं सदनात दोन वर्षं सांगत होते. मी गाडी कडेला घेतली आणि जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. ती रडली नाही. तिने तोंड खिडकीबाहेरच्या गवताकडे वळवलं.

"तिला वळखू आलं नाही का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही. तिला औषध दिलं होतं, त्या औषधाने तिला नवी पिल्लं आपली वाटली आणि जुनं ओळखू येईनासं झालं. हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं नवराबायको रात्री हळू आवाजात जे बोलत होतो ते या पोरीने सगळं ऐकलेलं आहे. लहान मुलं झोपलेली असतात ही मोठ्यांची समजूत.

"मंग तू फ्रिजमधले थेंब घेतल्यावर तुला निहार वळखू येईल का?"

मी म्हटलं, येईल, फोटो बघून येईल. तिने यावर विचार केला. मग म्हणाली, "नको घेऊ. मी जाईन दुसऱ्या घरी."

साडेपाच वर्षांची मुलगी. बिळाच्या तोंडाशी ठेवली जाण्याची तिला सवय होती. स्वतःच स्वतःला मानगुटीला धरून ती बाहेर ठेवत होती, न भेटलेल्या एका मुलासाठी. मला रडू फुटलं. ठमाबाईच्या कुंपणात नव्हतं फुटलं, ते तिथे रस्त्याच्या कडेला फुटलं, आणि चैताली घाबरून माझी ओढणी ओढत राहिली.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी कपाटातून पिशवी काढली. श्रीरंगला वाटलं केंद्रात न्यायला काढली. मी ती चैतालीच्या पलंगावर ठेवली आणि तोंड पूर्ण उघडलं. तीन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण उघडलं. आम्ही अंथरूण जाळलं होतं म्हणून ठमाबाईला थेंब द्यावे लागले आणि तिची वाट चुकली, आणि मी अंथरूण पिशवीत कोंडून ठेवलं होतं, यात फरक तो काय? वास जाणार होता. एकदा पांघरली की दोन रात्रींत तो चैतालीच्या खोबरेल तेलात आणि साबणात मिसळणार आणि पुन्हा कधीच वेगळा काढता येणार नव्हता. मला ते नको होतं, अगदी नको होतं, आणि तरीही मी गोधडी झटकून तिच्या अंगावर घातली, खांद्यांपाशी खोचली आणि शेजारी आडवी झाले.

तिने गोधडीत नाक घातलं. "हा कुणाचा वास हाय?"

"निहारचा."

"दादाचा?" श्रीरंगने तिला फोटो दाखवून दादा म्हणायला शिकवलं होतं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तो केवढा होता?"

मी सांगितलं, चार वर्षांचा. त्याचा जन्म तुझ्या आधीचा, असं समजावायला मी तोंड उघडलं होतं, पण तिचा हिशोब माझ्या आधी झाला.

"मी तर साडेपाचाची. मंग तो दादा कसा? मी मोठी हाय." ती गोधडीच्या आत सरकली. "मी त्याची ताई."

ती झोपेत माझ्याकडे सरकली तेव्हा मी अंग चोरलं नाही. चोरावंसं वाटलं, हेही खरं.

जुलैत मिसेस ओल्सन आल्या. संस्थेच्या या बाई साठी ओलांडलेल्या, मितभाषी, हातात यंत्राची पेटी. चैताली माझ्या मांडीवर बसली. नळीत लाळ गेली, यंत्राने आपला वेळ घेतला आणि आकडा दाखवला. जानेवारीपेक्षा वर, पण रेषेच्या खालीच. मिसेस ओल्सन यांनी विचारलं की थेंब का घेतले नाहीत. मी त्यांना ठमाबाईची गोष्ट सांगितली. मला वाटलं त्या मध्येच थांबवतील, पण त्यांनी सगळी ऐकून घेतली.

पुढे सप्टेंबरात चैताली आमच्याकडेच राहणार असा आदेश हातात पडला तेव्हा आम्हाला कळलं की त्यांनी आकडा जसाच्या तसा कळवला होता आणि मूल याच घरी राहावं अशी शिफारस स्वतःच्या जबाबदारीवर केली होती. त्याच महिन्यात ठमाबाईची चारही पिल्लं माळावर सोडली. तिने त्यांना सगळं शिकवलं होतं. आम्ही मुद्दाम मातीने बुजवलेल्या बिळातून ती चारही एकामागून एक, नाकावर माती घेऊन, बाहेर आली होती. उत्तम आई झाली ती. मला तिच्याकडे बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे. पण जुलैतल्या त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आकडा खाली होता आणि चैताली माझ्या मांडीवर होती.

मिसेस ओल्सन यांनी यंत्र बंद करून पेटीत ठेवलं. मग उठता उठता, चाचणीचा भाग म्हणून नव्हे, त्यांनी चैतालीला विचारलं की या घरात कोण कोण राहतं. चैतालीला इंग्रजी समजायला लागलं होतं, बोलताना मात्र ती अजून मराठीवरच यायची. तिने श्रीरंगकडे बोट केलं.

"हे बाबा." मग भिंतीवरच्या फोटोकडे. "हा निहार. तो लहान हाय. मी त्याची ताई." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आन् ही निहारची आई."

मिसेस ओल्सन माझ्याकडे बघत थांबल्या, भाषांतरासाठी. मी तोंड फिरवून फोटोकडे बघू लागले. शेवटी श्रीरंगने ते सांगितलं, शब्दाला शब्द. त्याचा आवाज हलला नाही, म्हणून त्याला ते जमलं.

मिसेस ओल्सन पुन्हा खाली बसल्या. आणि ही तुझी कोण, असं त्यांनी चैतालीला हळूच विचारलं.

समोरच्या बाईला एवढंही कळू नये याचं चैतालीला नवल वाटलं. "सांगितलं की," ती म्हणाली.

याचं भाषांतर मिसेस ओल्सन यांनी मागितलं नाही.